छाट काढतो तो मालक: सोलापूरची विडी, डिलिव्हरीची पोरं आणि कायद्याचा वेग

सातरस्ता

कायद्याच्या वर्गात मूलभूत हक्क शिकताना सोलापूरचं नाव हमखास येतं. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे १८७७ ची आपली जुनी गिरण. ऑगस्ट १९४९ मध्ये गैरकारभारामुळे ती बंद पडली आणि कामगार रस्त्यावर आले. राज्यघटना लागू व्हायला जेमतेम अडीच आठवडे उरले होते, तेव्हा म्हणजे ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारने अध्यादेश काढून गिरणीचा कारभार हातात घेतला. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. एका गावातल्या एका गिरणीसाठी संसदेने केलेला कायदा!

चरणजितलाल चौधरी नावाचे भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आमच्याच कंपनीला वेगळा कायदा का, समानता कुठे गेली, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल आला: परिस्थिती खरोखर वेगळी असेल तर एकटी कंपनीसुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकते. मग सरकारने नेमलेल्या संचालकांनी भागांची राहिलेली रक्कम भरा म्हणून मागणी केली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे भागधारक कोर्टात गेले. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. कारभाराच्या नावाखाली मालमत्ताच काढून घेतली आहे आणि मोबदला दिलेला नाही, म्हणून कायदा घटनाबाह्य. त्यानंतर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली. लोकहितासाठी एखाद्या मालमत्तेचा कारभार ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेण्याची वाट त्यात मोकळी करून दिली.

म्हणजे बंद गिरणी ते घटनादुरुस्ती हा सगळा प्रवास सहा वर्षांत उरकला. इतका वेग कशामुळे आला? माझ्या मते, त्या भांडणात मालक कोण हे सगळ्यांना दिसत होतं. भोंगा होता, गेट होतं, मस्टर होतं, संचालक मंडळ होतं.

त्याच काळात, त्याच गावात, पूर्व भागातल्या घराघरांत विडी वळली जात होती. तिथे गेटही नाही आणि भोंगाही नाही. बाई कारखान्याच्या ब्रँचमधून पत्ता (म्हणजे तेंदूची पानं), तंबाखू आणि सूत आणणार, घरी वळणार, कट्टे बांधून परत नेणार. ब्रँचमधला माणूस छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकणार, आणि उरलेल्या विड्यांची हजारावर मजुरी देणार. रजा, बाळंतपण किंवा म्हातारपणाचं काही विचारलं की कारखानदार म्हणणार, ती आमची कामगार नाहीच, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणणार, मी नुसता माल वाटतो.

न्यायालयांनाही हे कोडं लवकर सुटलं नाही. १९६० मध्ये नागपूरच्या विडी कारखान्याच्या खटल्यात (बिरधीचंद शर्मा) सर्वोच्च न्यायालय म्हणालं की खराब विड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तोच नियंत्रणाचा पुरावा, म्हणून हे कामगारच. पण पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात दोन विरुद्ध एक मतांनी उलट निकाल आला: विडी वळणारा हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, म्हणून कारखाना कायद्याखाली तो कामगार नाही आणि रजेचा पगारही नाही. न्या. सुब्बा राव यांचं मत त्यात वेगळं होतं. १९६४ मध्ये मद्रासकडच्या दिवाण मोहिदीन प्रकरणात न्यायालयाने ठेकेदारीचा पडदा बाजूला केला आणि मागचा मालक दाखवला.

अखेर १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा आला. कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी बाईसुद्धा कर्मचारी आहे, हे संसदेने व्याख्येतच लिहिलं. कच्चा माल कमी दिला, छाट जास्त काढली, नापास विडीची मजुरी बुडवली, या तक्रारी झटपट निकाली काढण्याची तरतूद त्यात होती. ज्याने हे कलम लिहिलं त्याने ब्रँचच्या काउंटरवर काय चालतं ते नीट समजून घेतलं होतं. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिलं, १९७४ मध्ये ते बहुतांशी फेटाळलं गेलं. १९८५ मध्ये पी. एम. पटेल प्रकरणात घरी वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीही लागू असल्याचा निकाल झाला.

आता आजचं. संध्याकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून पाहा, डिलिव्हरीची पोरं घोळक्याने थांबलेली असतात. काम कधी करायचं ते त्यांच्या मर्जीवर, असं कंपन्या सांगतात. पण दर कंपनी ठरवते, रस्ता अ‍ॅप ठरवतं, ग्राहकाचे तारे कमी पडले की काम आटतं आणि आयडी बंद झाली की रोजगार संपला. विडीची छाट आणि हे तारे यांत मला फरक दिसत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा आले. कामगार कायद्यांच्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीला द्यायचे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. हे स्वागतार्हच आहे. पण व्याख्या काय सांगते? पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करून कमावणारा तो गिग कामगार. १९६६ मध्ये संसदेने विडीवाल्या बाईला नात्याच्या आत घेतलं. २०२० मध्ये डिलिव्हरीच्या पोराला बाहेर उभं करून मदत देऊ केली.

कायदा काळाबरोबर चालतो की नाही हे मी नव्या कायद्यांच्या संख्येवरून मोजत नाही. नियंत्रण कुणाच्या हातात आहे ते त्याने ओळखलं का, एवढंच मी बघते. तुमचा अनुभव लिहा.

पूर्वभागातला

ताई, फार नेमकं लिहिलंय. माझी आई आणि मोठी अक्का, दोघी विडीच वळत होत्या. अक्का अजूनही वळते. कायदा व्याख्येत आला, पण घरात कसा आला ते सांगतो.

कार्ड असायचं एकीच्या नावावर. वळायच्या दोघी-तिघी: सासू, सून, शाळेतून आलेली पोरगी. सगळा माल एकाच कार्डावर चढायचा. पीएफ कापला जायचा तो कार्डावरच्या नावाचा. सुनेने आयुष्यभर विडी वळली तरी कागदावर ती कुणीच नाही. १९६६ च्या कायद्याने घराचं दार उघडलं खरं, पण आत किती हात काम करतात ते मोजलं नाही.

दुसरं पेन्शनचं. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान १,००० रुपये महिना, २०१४ पासून तेवढंच. गुडघे आणि फुप्फुसं कामाला देऊन बसलेल्या बाईला हजार रुपयात काय येतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

तिसरं. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता. त्यातून दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, घराला मदत व्हायची. २०१७ मध्ये जीएसटी आला, उपकर रद्द झाला आणि कल्याणाचा पैसा बजेटमधून येऊ लागला. आधी विडीतून वेगळा निघणारा पैसा विडी कामगाराचाच आहे असं ठणकावून सांगता येत होतं. आता दरवर्षी तरतुदीकडे तोंड करून बसायचं. कर सुटसुटीत करताना या बाईच्या हातचं काय गेलं, त्याचा विचार कुणी केला असं मला दिसलं नाही.

यंत्रमाग_एमआयडीसी

मी अक्कलकोट रोडला यंत्रमाग चालवतो, टॉवेल आणि चादर. धागा आवडला, पण एक बाजू राहते आहे.

तुम्ही मालक म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर आणता. माझ्या शेडमध्ये बरंचसं काम जॉबवर होतं. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा. नग नापास केला की माझी मजुरी कापतो. पैसे देतो त्याच्या सोयीने. तुमचीच कसोटी लावली तर छाट काढणारा माझ्याही डोक्यावर बसलेला आहे. पण कामगार अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तो मी. पानिपतचा माल स्वस्तात येतो, विजेचं बिल वाढतं आणि त्यात वहीवर वही. जुने २९ कायदे जाऊन चार संहिता आल्या याचा मला तरी आनंद आहे. केंद्राच्या जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांवर धरत होते, नव्या संहितेत २० वर. लहान शेडला श्वास घ्यायला जागा मिळाली. कायद्याने बदलत्या परिस्थितीकडे बघायचं तर आमचीही परिस्थिती बघावी.

सातरस्ता

@यंत्रमाग_एमआयडीसी, दादा, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. जॉबवाल्याचं दुखणं कामगार कायद्यात बसत नाही, पण त्याला कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता तर वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट व्यापाऱ्याला त्या वर्षी आयकरातही मिळत नाही. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि बिल लेखी असेल तर हे हत्यार आहे. पण आपल्याकडे अर्धं काम तोंडी चालतं, आणि व्यापारी दुखावला तर पुढचं सूत मिळणार नाही ही भीती. ती भीती खरी आहे, मी ती हलकी समजत नाही.

फक्त २० च्या मर्यादेवर माझा आक्षेप आहे. सोलापुरात कितीतरी शेडमध्ये वीसपेक्षा कमी माणसं काम करतात. तिथल्या मागाचा आवाज आणि हवेतली रुई तेवढीच असते. मालकाला दिलासा द्यायचा तर वह्या कमी करा, विजेत मदत करा. कान आणि छाती सांभाळण्याचे कारखान्याचे नियम दहाव्या माणसाला होते, ते विसाव्यापर्यंत ढकलायला नको होते.

रात्रपाळी

मॅडम, मी होटगी रोडला राहतो, डिलिव्हरीच करालोय बरीच वर्षं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

तुम्ही लिहिलाव ते बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा दुपारी लोक घराबाहेर पडत नाहीत, म्हणूनच आमच्या ऑर्डरी वाढतात. त्या वेळी एक-दोन ऑर्डर नाकारल्या की नंतर काम कमी येतं, असा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे. कारण कुणी सांगत नाही. माझ्या मित्राची आयडी एका तक्रारीवर बंद झाली. बिल्डिंगचा नंबर चुकीचा दिला होता गिऱ्हाइकानं. त्यानं चॅटवर लिहिलं, ठरलेली उत्तरं आली. माणूस म्हणून कुणी बोललंच नाही. भांडायचं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं? सोलापुरात ऑफिस नाही, ज्याच्याकडं ऑफिस होतं तो ठेकेदार म्हणाला, मी फक्त पोरं भरती करतो.

सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद केलीय. आरोग्य विम्याचं बजेटमध्ये ऐकलं होतं. ते मिळालं तर चांगलंच आहे. पण मला आधी काय पाहिजे सांगू? आयडी बंद करायच्या आधी माझं ऐकून घ्या. एवढं कोणत्या कायद्यात आहे?

पूर्वभागातला

"मी फक्त पोरं भरती करतो." आमच्याकडे "मी नुसता पत्ता वाटतो" म्हणायचे. अण्णा, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

उमेदपूर

सेटलमेंट भागातून लिहितोय. चर्चा चांगली चालली आहे, पण एका गोष्टीत मतभेद आहे. तुम्ही सगळे कायदा मागे राहतो असं धरून चालला आहात. आमचं उलट झालं. कायदा पुढे गेला, कारभार जागेवरच राहिला.

१८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. तारेचं कुंपण, आतल्या माणसाची हजेरी, बाहेर जायचं तर परवाना. बरेच लोक इथल्या गिरण्यांत राबायला जायचे आणि पुन्हा तारेच्या आत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी आम्ही सुटलो.

पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ चा. कागदावर आता जात नाही, माणूस बघायचा. ठाण्यातल्या नजरेत मात्र वस्तीच राहिली. कुठे चोरी झाली की गाडी कुठल्या गल्लीत वळते ते विचारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम रद्द केले, विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. म्हणजे १९५२ मध्ये पुसलेला शिक्का २०२४ पर्यंत तुरुंगाच्या पुस्तकात जिवंत होता!

आणि दाखल्याचं बघा. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. पालं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे १९६१ ची घरपट्टी मागायची? ज्याचं नावच भटकी जमात ठेवलं त्याला विचारायचं, तू एका जागी राहत होतास का? आमच्यातल्या काहींना निदान सेटलमेंटची नोंद सापडते. म्हणजे ज्या वहीने आमच्या आज्याला कैदी केलं तीच वही आज नातवाला दाखला मिळवून देते. जे कुंपणाबाहेर फिरत राहिले त्यांच्याकडे तेवढंही नाही. पोरं बारावी करून बसलीत, प्रवेश अडलेत.

सातरस्ता

@उमेदपूर, हे वाचून माझं मांडणं अपुरं वाटायला लागलं आहे. मी कायदा आणि समाज या दोनच गोष्टी धरल्या होत्या. तुम्ही तिसरी दाखवली, कायदा राबवणारी यंत्रणा. तिची सवय कायद्याबरोबर रद्द होत नाही. दाखल्यासाठी एक सांगते. लेखी पुरावा नसेल तर शाळेच्या जुन्या नोंदी, रक्ताच्या नातेवाइकाचं जात वैधता प्रमाणपत्र आणि गृहचौकशी यांवर भर द्या. एका सख्ख्या चुलत्याची वैधता झाली असेल तर घराण्यातल्या बाकीच्यांना तिचा मोठा आधार होतो. अडलेल्या मुलांचे कागद असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. मी बघेन, फी वगैरे मनात आणू नका.

विधी_तृतीयवर्ष

मी कायद्याला आहे आणि चरणजितलाल आम्हाला अभ्यासक्रमात आहे. ही गिरण आपल्या गावची हे शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी सुचल्या. कायदा नेहमीच संथ असतो असंही नाही. मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं तेव्हा इंग्रजांनी काही दिवसांत मार्शल लॉ पुकारला आणि त्यासाठी व्हाइसरॉयचा खास अध्यादेशही आला. सत्तेला स्वतःची भीती वाटली तेव्हा कायदा रातोरात धावला. विडी कामगारांसाठी तोच कायदा स्वातंत्र्यानंतरही एकोणीस वर्षांनी आला. वेग कुणाच्या गरजेसाठी आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट कोर्टाच्या अंतराची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. त्याआधी सोलापूरच्या लेबर कोर्टात जिंकलेली बाईसुद्धा समोरचा मुंबईला गेला की हरल्यात जमा होती. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट, वकिलाची फी, बुडालेली मजुरी, कुठून आणणार? ज्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या आधारे हे बेंच झालं, तो कायदा इतकी वर्षं होताच. वकिलांनी त्यासाठी किती आंदोलनं केली! गिगसाठी कुठून वाचायला सुरुवात करू?

यंत्रमाग_एमआयडीसी

@सातरस्ता, ४५ दिवसांचं माहीत होतं, आयकराचं नव्हतं. आमच्या सीएला विचारतो. कानाचं आणि छातीचं म्हणालात ते मान्य आहे, माझे वडील दोन्ही घेऊनच गेले.

सातरस्ता

@विधी_तृतीयवर्ष, दिवाण मोहिदीन (१९६४) आधी वाच. मग ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा उबरचा निकाल वाच. करारात काय लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा, ही भूमिका दोन्हींत सापडेल. त्यानंतर राजस्थानचा २०२३ चा प्लॅटफॉर्म कामगारांचा कायदा आणि कर्नाटकचा २०२५ चा.

@रात्रपाळी, तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत विमा, आरोग्य, म्हातारपण अशा योजना आहेत. आयडी बंद करण्याआधी ऐकून घेण्याचा हक्क तिच्यात नाही. कर्नाटकच्या कायद्यात मात्र काम बंद करण्याआधी कारणासह लेखी नोटीस देण्याचं बंधन आहे. महाराष्ट्राने तेवढं तरी आणावं, अशी माझी ठाम मागणी आहे.

आपल्या राज्याला हे अवघडही नाही. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. बाजार समितीत कांद्याची पोती उचलणाऱ्या हमालाचा मालक ट्रकागणिक बदलतो. म्हणून कायद्याने एक मालक शोधायचा नाद सोडला आणि मंडळ केलं. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही भरायची, त्यातून पीएफ, रजा, दवाखाना. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी रान उठवलं होतं. एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या पोरांना हा साचा जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल. वर नियंत्रणाचा प्रश्न आहेच, तो सोडायचा नाही.

तोवर एवढं करा. रोजच्या कमाईचे, बदललेल्या दरांचे, दंडाचे स्क्रीनशॉट तारखेनिशी फोनबाहेर कुठेतरी साठवा, कारण आयडी गेली की अ‍ॅपमधलं सगळं दिसेनासं होतं. ठेकेदाराशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवा. तुमच्या मित्राला सांगा, चॅटमधली उत्तरं पुसू नकोस आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठव: आयडी कधी बंद झाली, कारण काय दिलं, गिऱ्हाइकाने कोणता पत्ता दिला होता. त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

@पूर्वभागातला, अक्काच्या कार्डावर आणखी कोण वळतं? ब्रँचमध्ये दुसऱ्या नावाचं कार्ड मागण्याचा अर्ज लेखी द्यायला सांगा. नकार दिला तर तोही लेखी मागा.

पूर्वभागातला

वहिनी वळते, लग्न होऊन आली तेव्हापासून. अर्ज मराठीत चालेल ना? तिला तेलुगू आणि मराठी येतं, सही मराठीत करते.

सातरस्ता

मराठीतच द्या. दोन प्रती काढा, एकीवर ब्रँचचा शिक्का आणि तारीख घ्या. मसुदा इथेच टाकते, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.